डीबीव्हर पुन्हा पुन्हा कनेक्ट होत नाही? ड्रायव्हर डिलीट करण्याआधी हे तपासा

कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या छोट्या कारखान्यांत डेटाबेसची मांडणी बहुतेक सारखीच असते. कोपऱ्यातल्या एका पीसीला सगळे सर्व्हर म्हणतात. त्यावर मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस असतं, क्वचित पोस्टग्रेस. स्टोअर, अकाउंट्स, डिस्पॅच सगळे ईआरपीत, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, आणि ईआरपीत नसलेला रिपोर्ट काढायला कुणीतरी डीबीव्हर, म्हणजे डेटाबेसला जोडून आतली माहिती बघायचं सॉफ्टवेअर, उघडतं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा वळवाच्या पावसात रात्री लाईट जाऊन आली की फोन येतो : "साहेब, मागच्या वेळचाच एरर परत आलाय बघा. ड्रायव्हर काढून परत टाकला, डीबीव्हरपण नवीन टाकलं, तरी तेच."

तेच येणार. डीबीव्हर अनइन्स्टॉल केलं तरी त्याचे ड्रायव्हर आणि सेटिंग जागच्या जागी राहतात. विंडोजवर ते प्रोग्रॅम फाईल्समध्ये नसतात, युजरच्या ॲपडेटा रोमिंगमधल्या 'डीबीव्हरडेटा' फोल्डरमध्ये असतात. नवीन टाकलेलं डीबीव्हर तिथलंच जुनं सगळं उचलतं. त्यामुळे रीइन्स्टॉलमध्ये गेलेला अर्धा तास वाया जातो. चिडून ते फोल्डरच कुणी उडवलं, तर सेव्ह केलेली सगळी कनेक्शनं आणि स्क्रिप्टही जातात. कृपा करून त्या फोल्डरची कॉपी घेतल्याशिवाय काही डिलीट करू नका.

एरर कोण बोलतंय ते आधी ओळखा

डीबीव्हर स्वतः डेटाबेसशी बोलत नाही. ते जावाचं सॉफ्टवेअर आहे आणि जेडीबीसी ड्रायव्हर नावाच्या जार फाईलमार्फत बोलतं. म्हणून एरर तीन ठिकाणांहून येऊ शकतो. ड्रायव्हर लोडच झाला नाही, म्हणजे पीसीतून बाहेर काहीच गेलं नाही. ड्रायव्हर निघाला पण सर्व्हरपर्यंत पोचला नाही. किंवा पोचला आणि सर्व्हरनंच नकार दिला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावल्यानं काही होत नाही.

एररच्या खिडकीत 'डिटेल्स' बटण असतं, ते दाबा. वरची ओळ बहुधा मोघम असते, खरं कारण खालच्या 'कॉज्ड बाय'च्या ओळींत असतं, त्यातही शेवटच्या. मायएसक्यूएलचा 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' हा असाच मोघम एरर. बंद पडलेली सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा डेटाबेसचा प्रोग्रॅम), चुकीचा आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता), फायरवॉल, एसएसएलची (एन्क्रिप्शनची) भानगड, या सगळ्यांना ड्रायव्हर तेच नाव देतो. खाली 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आहे की 'टाइम्ड आउट' हे वाचल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

माझा अनुभव असा, की आज चाललेलं उद्या बंद पडलं तर दोष ड्रायव्हरचा क्वचित असतो. जार फाईल रात्रीत स्वतःहून बदलत नाही. रात्रीत बदलतो तो आयपी, नाहीतर सर्व्हिसची अवस्था.

रिफ्यूज्ड आणि टाइम्ड आउट

दिलेल्या पत्त्यावर घर सापडलं, पण त्या दारामागे कोणीच नाही, म्हणजे 'रिफ्यूज्ड'. घरच सापडलं नाही, किंवा वाटेत कुणी गुपचूप अडवलं, म्हणजे 'टाइम्ड आउट'. रिफ्यूज्ड लगेच येतो, टाइम्ड आउट ताटकळवून येतो. नुसत्या या वेळेवरूनही अंदाज बांधता येतो.

तपासायला पिंग, म्हणजे समोरचा पीसी उत्तर देतो का एवढंच बघणं, पुरेसं नाही; डेटाबेसचा पोर्ट, म्हणजे वर म्हटलेलं दार, उघडा आहे का ते बघायचं. पिंग चालतं आणि पोर्ट बंद असतो, किंवा पिंग अडवलेलं असतं आणि पोर्ट व्यवस्थित उघडा असतो. ज्या पीसीवर डीबीव्हर आहे तिथं पॉवरशेल उघडा आणि 'टेस्ट-नेटकनेक्शन' कमांड चालवा, पुढे सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट देऊन. मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, ओरॅकलचा १५२१. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा आहे आणि नेटवर्कची चर्चा तिथंच संपवायची. 'फॉल्स' आलं तर ड्रायव्हरला हात लावायचं कारणच नाही.

फॉल्स आल्यावर सर्व्हरच्या पीसीवर जाऊन बसा. सर्व्हिसेसच्या यादीत डेटाबेसची सर्व्हिस चालू आहे का बघा. लाईट जाऊन आल्यावर पीसी सुरू होतो, पण सर्व्हिस सुरू होताना घाईत अडकते किंवा पडून राहते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' करा आणि 'रिकव्हरी' टॅबवर पहिल्या आणि दुसऱ्या फेल्युअरला 'रीस्टार्ट द सर्व्हिस' निवडा. रोजच्या कटकटीवर एवढ्यानंच बरंचसं औषध होतं.

इथं एक कळकळीचं सांगणं. अचानक बंद पडलेला डेटाबेस सुरू होताना आधी स्वतःची दुरुस्ती करतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी लॉग वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करतं किंवा मागे घेतं, पोस्टग्रेसही तेच करतं आणि तोवर 'द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप' असं उत्तर देतं. हा एरर नाही, थांबायची विनंती आहे. अर्धवट राहिलेलं काम जास्त असेल तर वेळ लागतो. अशा वेळी कुणी टास्क मॅनेजरमधून सर्व्हिस मारली तर बरी होत असलेली जखम पुन्हा उघडते. पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमध्ये 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' फाईल उरल्यामुळे ते सुरू होत नाही असं कधी घडतं. ती फाईल काढायची तर आधी पोस्टग्रेसची एकही प्रोसेस चालू नाही याची पूर्ण खात्री करा, नाहीतर दोन सर्व्हर एकाच डेटावर बसतील आणि डेटा खराब होईल. सर्व्हर म्हणवणाऱ्या पीसीला यूपीएस नसेल तर तो आधी घ्या, बाकीचं नंतर.

सर्व्हिस चालू असूनही पोर्ट फॉल्स दाखवत असेल, तर सर्व्हरवर 'नेटस्टॅट -एएनओ' चालवून बघा की पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतोय. १२७.०.०.१ दिसला तर डेटाबेस फक्त त्याच पीसीतल्यांचं ऐकतोय, बाहेरच्यांचं नाही. मायएसक्यूएलमध्ये हे 'बाइंड-ॲड्रेस' ठरवतं, पोस्टग्रेसमध्ये 'लिसन ॲड्रेसेस'. दोन्ही बदलल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते.

आता पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याची खरी मुळं. पहिलं, सर्व्हरचा आयपी. राउटर तो डीएचसीपीनं, म्हणजे आपोआप, वाटतो. लाईट गेली, राउटर आणि सगळे पीसी एकदम सुरू झाले, की कालचा १९२.१६८.१.१० आज १९२.१६८.१.१४ होऊन बसतो. प्रत्येक वेळी डीबीव्हरमध्ये नवा आयपी टाकणं म्हणजे दुखणं सांभाळत राहणं. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डच्या क्रमांकाला) एक आयपी राखून ठेवा, किंवा सर्व्हरला स्टॅटिक (न बदलणारा) आयपी द्या, मात्र तो डीएचसीपी वाटत असलेल्या श्रेणीच्या बाहेरचा हवा.

दुसरं, विंडोज फायरवॉलचं प्रोफाइल. राउटर बदलला किंवा नेटची कंपनी बदलली की विंडोज ते नवं नेटवर्क समजून 'पब्लिक' ठरवू शकतं. तुम्ही पोर्टसाठी केलेला नियम 'प्रायव्हेट'पुरताच असेल तर तो लागू होत नाही आणि टाइम्ड आउट सुरू होतो. उपाय म्हणजे नेटवर्क पुन्हा प्रायव्हेट करणं. सगळी फायरवॉल बंद करणं हा उपाय नाही. तो एका पीसीवर केला की सगळ्या कारखान्यात पसरतो.

तिसरं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवाल्यांसाठी, आणि इथं जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या जुन्या ईआरपींखाली हेच जास्त दिसतं. एक्स्प्रेस टाकल्यावर टीसीपी-आयपी सहसा बंदच असतं. शिवाय 'एसक्यूएलएक्स्प्रेस' ही नेम्ड इन्स्टन्स (नाव दिलेली स्वतंत्र प्रत) असते आणि तिचा पोर्ट १४३३ नसतो, तो डायनॅमिक, म्हणजे बदलता असतो. सर्व्हिस रीस्टार्ट झाली की तो बदलू शकतो. आज कोणता पोर्ट आहे हे सांगायचं काम 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' सर्व्हिस यूडीपी १४३४ वरून करते, आणि तीही अनेकदा बंद असते. मग एखाद्यानं कधीतरी शोधून काढलेला पोर्ट डीबीव्हरमध्ये टाकून ठेवलेला असतो, तो महिनाभर चालतो आणि एक दिवस चालत नाही. कायमचं करायचं तर एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, त्या इन्स्टन्सच्या प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी-आयपी 'एनेबल' करा, आयपी ॲड्रेसेस टॅबच्या तळाशी 'आयपीऑल'मध्ये 'डायनॅमिक पोर्ट्स'चा रकाना पूर्ण रिकामा करा. शून्यही ठेवू नका, कारण शून्याचा अर्थच डायनॅमिक. 'टीसीपी पोर्ट'मध्ये १४३३ लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा. त्यानंतर डीबीव्हरमध्ये इन्स्टन्सचं नाव न देता आयपी आणि पोर्ट द्या.

सर्व्हर स्वतः नाही म्हणतो तेव्हा

'ॲक्सेस डिनाइड', 'लॉगिन फेल्ड', 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' यांतलं काही दिसलं तर एका अर्थी काम सोपं झालं. ड्रायव्हर लोड झालाय, रस्ता मोकळा आहे, सर्व्हर जिवंत आहे. राहिला प्रश्न फक्त ओळखीचा.

मायएसक्यूएलचा १०४५ नीट वाचा. त्यात युजरच्या नावापुढे ॲटचं चिन्ह आणि मग एक पत्ता असतो. तुम्ही कुठून आलात असं सर्व्हरला दिसतंय, तो हा पत्ता. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नाव आणि पत्ता यांची जोडी. 'अकाउंट्स' हा युजर १९२.१६८.१.२५ पुरता केलेला असेल आणि आज त्या पीसीला २७ मिळाला असेल, तर पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही नकार येतो. म्हणजे हेही पुन्हा डीएचसीपीचंच. युजर त्या सगळ्या सबनेटसाठी, १९२.१६८.१ च्या पुढे टिंब आणि टक्क्याचं चिन्ह देऊन करा. रूटला (सगळे अधिकार असलेल्या युजरला) मात्र कुठूनही येण्याची मुभा देऊ नका. रिपोर्ट काढणाऱ्याला फक्त सिलेक्टचा (माहिती वाचण्याचा) हक्क असलेला वेगळा युजर द्या. ओळीच्या शेवटी 'यूझिंग पासवर्ड : नो' असेल तर पासवर्ड गेलेलाच नाही, डीबीव्हरमधला रकाना रिकामा आहे. ११३० आला तर त्या पत्त्यावरून कुणालाच परवानगी नाही. ११२९ म्हणजे फसलेल्या जोडण्या फार झाल्यामुळे सर्व्हरनं तो पीसीच अडवलाय, सर्व्हरवर 'मायएसक्यूएलॲडमिन फ्लश-होस्ट्स' चालवावं लागतं.

पोस्टग्रेस 'नो पीजी-एचबीए एंट्री' म्हणालं तर त्यानं उत्तर स्वतःच दिलंय : कोणता पत्ता, कोणता युजर, कोणता डेटाबेस. तशी ओळ 'पीजी-एचबीए' फाईलमध्ये लिहा आणि कॉन्फिगरेशन रीलोड करा, त्याला रीस्टार्ट लागत नाही.

एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ बाहेरून काहीच सांगत नाही. तो मुद्दाम प्रत्येकाला 'स्टेट १' दाखवतो, म्हणजे बाहेरच्याला अंदाज बांधता येऊ नये. खरी स्टेट सर्व्हरच्या एररलॉगमध्ये असते. ५ म्हणजे असा युजर नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर आहे आणि तुम्ही एसक्यूएल लॉगिननं येताय. ओरॅकलमध्ये १२५०५ आणि १२५१४ चा घोळ जास्त असतो. पहिल्यात लिसनरला (जोडण्या घेणाऱ्या प्रोग्रॅमला) तुम्ही दिलेला एसआयडी माहीत नाही, दुसऱ्यात सर्व्हिस नेम. डीबीव्हरच्या खिडकीत दोन्हींतला पर्याय निवडता येतो, तो उलटा करून बघा.

ड्रायव्हरचाच दोष असतो तेव्हा

असतोही. 'एरर क्रिएटिंग ड्रायव्हर इन्स्टन्स' किंवा 'क्लास नॉट फाउंड' आलं तर बाहेर बघायचं कारण नाही. पहिल्यांदा कनेक्ट करताना डीबीव्हर ड्रायव्हर मेव्हन नावाच्या जावा फाईलींच्या साठ्यातून इंटरनेटवरून उतरवून घेतं. फौंड्रीतल्या अकाउंट्सच्या पीसीला बऱ्याचदा नेटच नसतं, मग डाउनलोड अर्धवट राहतं. अशा वेळी नेट असलेल्या पीसीवरून त्या डेटाबेसच्या अधिकृत साइटवरची जार फाईल पेनड्राइव्हवर आणा. डेटाबेस मेन्यूत ड्रायव्हर मॅनेजर, तो ड्रायव्हर निवडून 'एडिट', मग 'लायब्ररीज' टॅब. तिथल्या जुन्या नोंदी काढा, 'ॲड फाईल'नं नवी जार द्या आणि 'फाईंड क्लास' दाबा. जुन्या नोंदी काढणं महत्त्वाचं आहे. एकाच ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या यादीत राहिल्या तर कोणती उचलली जाईल याचा भरवसा नाही. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये आठव्या आवृत्तीपासून क्लासच्या नावात 'सीजे' आलं, त्यामुळे जुन्या लेखातून उचललेलं क्लासचं नाव नव्या जारबरोबर लिहू नका. आधीच्या कुणीतरी सेटिंगमध्ये फार ढवळाढवळ केली असेल तर 'रीसेट टू डिफॉल्ट्स' करून कोऱ्या पाटीनं सुरुवात करा.

नेट असूनही डाउनलोड होत नाही आणि डिटेल्समध्ये 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' दिसतंय, तर अँटिव्हायरसकडे बघा. काही अँटिव्हायरस एचटीटीपीएस तपासताना मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र घालतात. विंडोज त्यावर विश्वास ठेवतं, जावाचा स्वतःचा वेगळा साठा असतो, त्यात ते नसतं. प्रेफरन्सेसमध्ये कनेक्शन्सखाली 'यूज विंडोज ट्रस्ट स्टोअर' आहे, ते टिक करून डीबीव्हर बंद करून उघडा.

हाच पीकेआयएक्स एसक्यूएल सर्व्हरला जोडताना आला तर कारण वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टच्या जेडीबीसी ड्रायव्हरनं १०.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, एन्क्रिप्शन आपोआप चालू केलं. कारखान्यातल्या सर्व्हरचं प्रमाणपत्र स्वतःच सही केलेलं असतं, ड्रायव्हर ते नाकारतो. ड्रायव्हर अपडेट झाला आणि त्याच दिवशी बंद पडलं, अशी ही केस. 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' ट्रू केलं की चालतं. एकाच छताखालच्या लॅनवर ते चालवून घेता येईल, इंटरनेटवरून जोडताना नको.

मायएसक्यूएल ८ बरोबरचा 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' त्याच जातीचा. नव्या पासवर्ड पद्धतीला एकतर एसएसएल हवं किंवा सर्व्हरची की मागून घ्यायची परवानगी. ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये 'अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल' ट्रू करा, पण शक्य असेल तिथं एसएसएल चालू करणं जास्त चांगलं. सर्व्हर रीस्टार्ट झाला की हा एरर उगवतो आणि कुणीतरी एकदा दुसऱ्या मार्गानं लॉगिन केलं की गायब होतो, कारण तोवर सर्व्हरच्या कॅशमध्ये त्या युजरची ओळख नसते. म्हणून तो 'कधी येतो कधी जातो' वाटतो.

पोस्टग्रेसला 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' आलं तर ड्रायव्हर खरोखर जुना आहे. पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड स्क्रॅम पद्धतीनं साठवतं, जावाच्या ड्रायव्हरला ते ४२.२.० पासून कळतं. नवा ड्रायव्हर टाका. याच्या उलट, 'टीएलएस १० इज नॉट ॲक्सेप्टेड' म्हणजे जुना सर्व्हर. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून जावानं टीएलएसच्या (एन्क्रिप्शन पद्धतीच्या) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या. सर्व्हरला टीएलएस १.२ चा पॅच लावा. जावाची सुरक्षा उतरवण्याचे सल्ले सापडतील, ते घेऊ नका.

भारतातल्या पीसीवरच येणारा एक एरर

पोस्टग्रेस नव्या उबुंटू किंवा डेबियनवर हलवलं आणि 'इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन : एशिया-कलकत्ता' असं आलं, तर घाबरू नका. विंडोजवरची जावा आपल्या टाइमझोनला अजून कलकत्ता म्हणते. उबुंटू २४.०४ सारख्या नव्या लिनक्सवर ती जुनी नावं वेगळ्या 'टीझेडडेटा-लेगसी' पॅकेजमध्ये गेली आहेत, म्हणून सर्व्हरला कलकत्ता माहीत नाही. डीबीव्हरच्या प्रेफरन्सेसमध्ये युजर इंटरफेसखाली टाइमझोन 'एशिया-कोलकाता' करा, किंवा सर्व्हरवर ते पॅकेज टाका. मायएसक्यूएलचा जुना ८.० ड्रायव्हर 'इंडिया स्टँडर्ड टाइम'वर अडत असेल तर ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये 'सर्व्हर टाइमझोन'लाही तेच द्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर तुटणारं कनेक्शन

सकाळी चालतं, दुपारी जेवून आल्यावर पहिलीच क्वेरी फसते, उजवं क्लिक करून रीकनेक्ट केलं की चालतं. मायएसक्यूएलची रिकाम्या कनेक्शनची मुदत मूळ सेटिंगनुसार २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास असते. तासाभरात तुटत असेल तर बहुतेक वेळा मधला राउटर किंवा फायरवॉल शांत कनेक्शन कापतोय. विशेषतः शिरोलीचा कारखाना आणि शहरातलं ऑफिस व्हीपीएननं जोडलेलं असेल तर. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'कीप-अलाइव्ह' आहे, तिथं ३०० सेकंद लिहा. आणि व्हीपीएनचा त्रास नको म्हणून डेटाबेसचा पोर्ट राउटरवरून सरळ इंटरनेटला उघडू नका. डीबीव्हरमध्ये एसएसएच टनेलचा टॅब आहे, तो वापरा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला फोन करायची वेळ आली, तर फोटोत फक्त लाल चिन्ह पाठवू नका. डिटेल्समधला पूर्ण मजकूर, टेस्ट-नेटकनेक्शनचं उत्तर, डेटाबेसची आणि ड्रायव्हरची आवृत्ती, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं, एवढं पाठवा. डीबीव्हरडेटाच्या वर्कस्पेस६ फोल्डरमध्ये मेटाडेटाखाली 'डीबीव्हर-डीबग' लॉग असतो, तोही जोडा. पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घाला, त्यात पासवर्ड किंवा बाहेर जाऊ नये असं काही दिसलं तर खोडून मगच द्या.